मूल कुठे अडते, हे आधी पाहू या

एप्रिल संपत आला की दिंडोरीच्या घराघरांत दोन विषय निघतात. द्राक्षाला भाव काय मिळाला आणि पोरांचा निकाल काय लागणार. भावाचा विषय लवकर संपतो, निकालाचा मात्र १ मेपर्यंत चालतो. त्या दिवशी शाळेत झेंडावंदन होते, प्रगतिपत्रक हातात पडते आणि त्यावरची श्रेणी बघून घरात एकतर पेढे येतात, नाहीतर दुपारचे जेवण गुपचूप उरकले जाते.

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. वर्षभराचे आकारिक, सत्राच्या शेवटी संकलित, मग अ-१ पासून इ-२ पर्यंतची श्रेणी आणि शेजारी वर्णनात्मक नोंद. कल्पना चांगली होती, आजही आहे. पण वर्गाचा पट मोठा आणि भरायचे कागद त्याहून मोठे, त्यामुळे नोंदीच्या रकान्यात बहुतेक वेळा ठरलेली ओळ येते : ‘वाचनात सुधारणा आवश्यक.’ आपण खाली सही करतो आणि पत्रक परत देतो. सुधारणा कशात हवी, मूल अक्षरात अडले की शब्दात, त्याला वाचता येत नाही की वाचलेले कळत नाही, हे त्या ओळीत नसते.

एवढी वर्षे त्याचे फारसे काही वाटत नव्हते, कारण आठवीपर्यंत मूल वर चढत होते. आता २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. नापास झाले तर फेरपरीक्षेची संधी, आणि तीही हुकली तर त्याच वर्गात पुन्हा बसणे. म्हणजे दुसरीत जे कोणाच्या लक्षात आले नाही, ते पाचवीत घरावर एकदम येऊन आदळते.

परीक्षा आणि तपासणी यांत फरक आहे, आणि दिंडोरीच्या माणसाला तो समजावून सांगायला नको. द्राक्षबागायतदार छाटणीनंतर ठरलेल्या दिवशी पानांचे देठ तोडून प्रयोगशाळेत देतो. त्याला देठ परीक्षण म्हणतात. अहवालात वेल पास की नापास असे काही नसते. पालाश कमी आहे, मॅग्नेशियम कमी आहे, एवढेच असते, आणि त्यावरून कोणते खत द्यायचे ते ठरते. शेजारच्या बागेत जे टाकले तेच डोळे मिटून आपल्या बागेत टाकणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तेच करतो. वाचन कच्चे, लाव शिकवणी. गणित कच्चे, लाव दुसरी शिकवणी.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. गाव दिंडोरीच, नावांची गरज नाही. वडिलांचा पिकअप आहे. टोमॅटोच्या हंगामात ते शेतकऱ्यांचा माल पिंपळगाव बसवंतच्या बाजारात नेतात. मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीत. रविवारी तो अब्बांबरोबर गाडीवर जातो. तेवीस कॅरेट, भाव एकशे ऐंशी, असे कोणी म्हटले की व्यापाऱ्याचा कॅल्क्युलेटर खिशातून निघायच्या आत हा मुलगा चार हजार एकशे चाळीस सांगतो. हेच उदाहरण गणिताच्या पेपरात तीन ओळींत छापून आले, तेव्हा त्याने जागा कोरी सोडली.

शाळेत सांगितले गेले, लक्ष नसते. अब्बांचे मत, आळशी आहे. दादीने नजर उतरवली. चुलत्यांनी तर ठरवूनच टाकले की पाचवी झाली की नाशिकला मामूच्या गॅरेजवर पाठवायचे, हात चांगला चालतो त्याचा. अम्मीचे म्हणणे एकच होते : “उसको सब आता है, बस पढ़ने को बोलो तो पेट दुखता है.” ते पोटदुखीचे सगळ्यांनी हसण्यावारी नेले. आम्हाला मात्र त्या एका वाक्यात सगळ्या घरापेक्षा जास्त निरीक्षण दिसले. जे मूल वाचायच्या वेळी रोज पोट धरते, ते बहुधा बहाणा करत नसते. त्याला खरेच काहीतरी होत असते.

दुसरे निरीक्षण मकतबातून आले. हाफिज साहेबांनी अम्मीला सांगितले की ऐकून सूरह पाठ करायची असेल तर हा मुलगा सगळ्यांच्या पुढे. कायद्यावर बोट ठेवून हिज्जे करून वाचायला सांगितले की मागे पडतो, आणि काल वाचलेला शब्द आज नव्याने पाहावा तसा पाहतो. आता हे दोन धागे जोडून बघा. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, अरबी उजवीकडून डावीकडे. दोन लिप्या, दोन शिक्षक, दोन वेगळ्या जागा, आणि अडचण मात्र हुबेहूब एक. कानाने आलेले पक्के बसते, डोळ्याने आलेले अक्षर आवाजाशी जुळत नाही. एवढी मोलाची माहिती कोणत्याही प्रगतिपत्रकात नव्हती. ती हाफिज साहेबांकडे होती, कारण मकतबात प्रत्येक मुलाला रोज एकटे बसवून ऐकले जाते.

याचा आपण विचार करत नाही. हिफ्जच्या वर्गात सबक म्हणजे आजचे नवे, सबकी म्हणजे अलीकडचे, मंजिल म्हणजे जुने. रोज तिन्ही ऐकायचे, चूक झाली तिथे थांबवायचे, पक्के होईपर्यंत पुढचा सबक द्यायचा नाही. शिक्षणशास्त्रातले लोक ज्याला आकारिक मूल्यमापन म्हणतात, त्याचा गाभा हाच आहे. अर्थात चूक झाली की छडी उगारायची, हा त्या पद्धतीचा भाग नव्हे, आणि जिथे अजून ती उगारली जाते तिथे पालकांनी स्पष्ट बोलले पाहिजे. अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुहेरी सवाब आहे, अशी हदीस हजरत आयशा (र.) यांच्या हवाल्याने बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अडखळणाऱ्या मुलाला हसणाऱ्या वर्गात ती एकदा सांगायला हरकत नाही.

त्या मुलाची तपासणी पुढे नाशिकला झाली. दिंडोरीहून पंचवीसेक किलोमीटर, दोन खेपा, प्रत्येक खेपेला दोन तास. पहिल्यांदा डोळे आणि कान तपासले. हा क्रम कोणत्याही चांगल्या ठिकाणी असाच असतो, आणि आपणही तो सोडू नये. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडलेली आणि सर्दी-कानफुटीमुळे अर्धेच ऐकू येणारी मुले काही कमी नसतात, आणि त्यांचा प्रश्न एका चष्म्याने किंवा कानाच्या औषधाने सुटू शकतो. या मुलाचे डोळे-कान ठीक निघाले. मग मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिमापनाची चाचणी घेतली आणि विशेष शिक्षकांनी वाचन, लेखन, गणित वेगवेगळे तपासले. निघाले ते असे : ठोकळ्यांवरून नमुना जुळवणे, चित्रातला राहिलेला भाग ओळखणे यांत वयापेक्षा पुढे. गोष्ट वाचून दाखवली तर प्रश्नांची उत्तरे वयाप्रमाणे. तीच गोष्ट स्वतः वाचायला दिली तर दुसरीच्या पातळीवर. एकेक अक्षर जुळवताना सगळी ताकद संपते, ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीची सुरुवात हातातून गेलेली असते. तीन ओळींचे उदाहरण कोरे का राहिले, ते इथे कळले. गणित त्याला येतच होते. त्याला प्रश्न वाचता आला नव्हता.

अहवालाची शेवटची दोन पाने आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण त्यांत काय करायचे ते लिहिले होते. पाठ्यपुस्तकातला पाठ आधी घरात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा. लेखी गणित आधी तोंडी विचारावे. जोडाक्षरे एकदम सगळी न घेता एका वेळी एकच प्रकार घ्यावा, रोज पंधरा-वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायची शिक्षा बंद. शाळेने घटक चाचणीत प्रश्न वाचून दाखवावेत. ज्या अहवालात नुसता एक आकडा आणि एक नाव असते आणि ही पाने नसतात, तो अहवाल अपुरा समजावा आणि करणाऱ्याला तसे नम्रपणे सांगावे. पैसे आपण त्याचेच दिलेले असतात.

आकड्याबद्दल थोडे बोलायला हवे, कारण बुद्ध्यांकाने घराघरांत फार गैरसमज केले आहेत. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत जादा मदत कोणाला लागेल हे शोधण्यासाठी. बुद्धी जन्मतः ठरलेली असते, ती वाढतच नाही, असे म्हणणाऱ्यांवर स्वतः बिने यांनी कडक टीका केली होती. पुढे त्यांच्याच चाचणीचा आकडा कपाळावर चिकटवायला वापरला गेला, तो भाग वेगळा. आपल्याकडे १९३० च्या दशकात धारवाडमध्ये व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. बिने-कामत या नावाने ती अजूनही अनेक रुग्णालयांत वापरली जाते. नंतर नागपूरला डॉ. आर्थर मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी दुसरी चाचणी बसवली. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, अकरा छोट्या उपचाचण्या : सहा बोलण्याच्या, पाच हाताने करण्याच्या. सामान्य माहिती, शब्दार्थ, अंक ऐकून परत म्हणणे हे एका बाजूला, आणि ठोकळे, चित्रे, भूलभुलैया दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंचे गुण वेगळे मिळतात. म्हणून अहवाल हातात आला की एकूण आकड्यापाशी थांबू नका. दोन बाजूंत अंतर किती आहे आणि कोणत्या उपचाचणीत मूल एकदम खाली गेले, ते विचारा.

हे विचारणे आपल्या घरांसाठी विशेष गरजेचे आहे, आणि त्याचे कारण भाषा. दिंडोरीतल्या एखाद्या मुस्लिम मुलाचा दिवस बघा. घरात दखनी वळणाची हिंदी-उर्दू, गल्लीत आणि शाळेत मराठी, पुस्तकात प्रमाण मराठी, मकतबात अरबी, शिवाय पहिलीपासून इंग्रजी. तीन लिप्या आणि चार-पाच भाषा. हे ओझेच आहे असे आम्ही म्हणत नाही. आपली मुले ते हसतखेळत पेलतात आणि मोठेपणी त्याचा फायदाही होतो. पण तपासणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर निदान चुकते. मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘बाळ’ला ‘बाल’ वाचते, तेव्हा त्याला अक्षर ओळखता आले नाही असे नसते. ‘ण’ आणि ‘ळ’ हे आवाज त्याच्या घरच्या बोलीत जवळजवळ नाहीतच. पेठच्या बाजूने दिंडोरीत शिकायला आलेल्या कोकणा घरातल्या मुलाचेही असेच होते, फक्त त्याचे अडखळण्याचे शब्द वेगळे. तेच मूल मात्र ‘कमळ’ला ‘मकळ’ वाचत असेल, ‘ि’ची वेलांटी कोणत्या अक्षराची हे चौथीतही ठरवू शकत नसेल, आधीच्याच ओळीत वाचलेला शब्द पुढच्या ओळीत ओळखत नसेल, तर ते बोलीवर ढकलून चालणार नाही. वेलांटी तशीही अवघडच असते. लिहायची आधी, उच्चारायची नंतर. पहिली-दुसरीत तिथे बहुतेक सगळी मुले चुकतात.

आकड्यांचेही तसेच आहे. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, लिहिताना दोन आधी आणि पाच नंतर. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. उर्दूत ‘पच्चीस’ आणि ‘उनतीस’ असेच उलटे चालतात. म्हणून पंचवीसला ५२ लिहिणारे दुसरीतले मूल काही आजारी नसते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ पद्धतीने संख्या वाचायला दिल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत विषय गेला, विनोद झाले. आमचे मत त्या वेळीही वेगळे होते : ज्या मुलाला पंचवीस लिहिताना घाम फुटतो, त्याच्यासाठी ती दुसरी वाट होती आणि ती बंद करण्याची घाई झाली.

त्यामुळे तपासणीला जाताना मुलाची घरची भाषा कोणती आणि शाळेची कोणती, हे आपण आपणहून सांगावे. फॉर्मवर ‘मातृभाषा’पुढे सवयीने मराठी लिहून टाकतो, तसे न करता खरे ते लिहावे. इंग्रजी चाचणी घेऊन मराठी माध्यमाच्या मुलाचे वाचन ठरवले जात असेल तर थांबवावे. मराठीत साधने नाहीत असे कोणी म्हणाले तर ते पूर्ण खरे नाही. हरियाणात मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. त्यांनी डाली नावाचा संच २०१५ मध्ये आणला, तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आहे, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. त्यात शिक्षकांनी वर्गात भरायची प्राथमिक चाळणी वेगळी आणि मानसशास्त्रज्ञांनी करायची सविस्तर तपासणी वेगळी.

एवढ्या लांब जाण्याआधी घरी करता येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. प्रथम संस्थेचे नाव अनेकांनी ऐकले असेल. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून तिचे काम सुरू झाले. २००५ पासून तिच्या पुढाकाराने ‘असर’ हे सर्वेक्षण होते. त्यात कार्यकर्ते शाळेत नव्हे तर घरी जाऊन मुलाला एक कागद देतात. त्यावर अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. उतारा जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरे. जिथे मूल सहज वाचते, ती त्याची पातळी. बस्स. वयाशी आणि इयत्तेशी संबंध नाही.

हे आपल्याला मागच्या वर्षांच्या बालभारतीवरून करता येते. मुलाने न पाहिलेला पाठ घ्या, कारण पाठ झालेला पाठ मूल न वाचताही म्हणून दाखवते. आधी दुसरीच्या पुस्तकातला छोटा उतारा वाचायला सांगा. मध्ये सांगू नका, दुरुस्त करू नका, फक्त अडलेले शब्द आपल्याजवळच्या कागदावर लिहा. वाचून झाले की विचारा काय घडले. मग तसाच दुसरा उतारा आपण वाचून दाखवा आणि पुन्हा विचारा. ऐकून कळते पण वाचून कळत नाही, तर अडचण वाचनात आहे. ऐकूनही कळत नसेल तर प्रश्न भाषेचा, शब्दसाठ्याचा किंवा लक्ष देण्याचा असू शकतो, आणि तेव्हा तोच उतारा घरच्या बोलीत सांगून बघा. बोलीत सांगितल्यावर चेहरा उजळला तर अर्धे उत्तर तिथेच मिळाले. हे सगळे पंधरा मिनिटांचे काम. अम्मीने करावे, मोठ्या आपाने करावे. ज्यांचा पारा लवकर चढतो त्यांनी लांब राहावे.

यातून निदान होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. ‘तारे जमीन पर’ २००७ मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द गावोगाव पोहोचला, त्याबद्दल त्या चित्रपटाचे आभारच. पण तेव्हापासून ‘ब’ उलटा काढणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचे, अशीही एक समजूत झाली. नीट शिकवले गेले नाही, शाळा बुडाली, पहिली-दुसरीची वर्षे कोरोनाच्या टाळेबंदीत गेली, घरची आणि शाळेची भाषा वेगळी पडली, या सगळ्यांमुळे मूल मागे पडते आणि नीट शिकवल्यावर भराभर पुढे येते. शिकवूनही, वेळ देऊनही जे मूल तिथेच अडते, त्याच्यासाठी पुढची तपासणी.

आणखी एक निरीक्षण. तपासणीला मुलगेच जास्त आणले जातात. दंगा करणाऱ्याची तक्रार येते, गप्प बसणारीची येत नाही. आपल्या घरातली मुलगी अक्षर सुंदर काढते, फळ्यावरचे वहीत जसेच्या तसे उतरवते, घरकामात हुशार असते, आणि तिला वाचता येत नाही हे सातवीपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. मग ‘हिचे डोके अभ्यासात नाही’ असे ठरते आणि पुढची बोलणी कुठल्या दिशेने जातात, ते सांगायला नको. तो उतारा मुलींकडूनही वाचून घ्या.

वाट कोणती धरायची? पहिल्यांदा वर्गशिक्षक. तक्रारीच्या सुरात न जाता, अडलेल्या शब्दांचा तो कागद हातात घेऊन जा. समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तालुक्याच्या गट साधन केंद्राकडे समावेशित शिक्षणाची माणसे नेमलेली असतात. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी केली की कळते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात मोफत आहेत. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. खासगी तपासणीला काही हजार रुपये लागतात, म्हणून सरकारी वाट आधी विचारून घ्यावी.

आणि प्रमाणपत्र. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना १९९६ पासून द्यायला सुरुवात केली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांसाठी वेगळे क्लिनिकच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाच देण्याची अट होती. खासगी डॉक्टरांच्या अहवालावर बोर्डाची सवलत मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या रुग्णालयाचेच प्रमाणपत्र लागते. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून शाळेतून ताजे विचारून घ्यावे, आणि नववीचा शेवट येईपर्यंत थांबू नये. तारखा लवकर मिळत नाहीत.

त्या पिकअपवाल्या अब्बांचा प्रश्न सरळ होता : “सर्टिफिकेट घेतले तर उद्या पोराला कोणी ‘अपंग’ म्हणेल. मुलीचे असते तर रिश्ता अडला असता.” ही भीती खोटी नाही, आणि तिला हसून उत्तर देता येणार नाही. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की प्रमाणपत्र शाळेच्या आणि बोर्डाच्या कामाचे, ते भिंतीवर लावायचे नसते. त्याला नावे तर आधीच ठेवली गेली होती, आळशी, ठोंब्या, आणि ती विनाप्रमाणपत्र मिळाली होती. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, गॅरेजचे काम वाईट आहे का? वाईट मुळीच नाही. ज्याचा हात चांगला चालतो त्याने पुढे आयटीआयला जाऊन तेच काम शिकावे, त्यात काय कमी आहे? पण आयटीआयला बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी लागते, आणि इंजिनाचे मॅन्युअल वाचावे लागते. सध्या तरी मामूकडे फक्त सुटीत जायचे ठरले आहे. अम्मी रोज संध्याकाळी पाठ वाचून दाखवते. तिचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंत, तिलाही काही शब्द अडतात, मग दोघे मिळून जुळवतात. वाचन अजून हळूच आहे. सरकारी रुग्णालयाची तारीख लागायची आहे.

तपासणीची तारीख मिळाली की काही गोष्टी जवळ ठेवा. मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपत्रके, शाळेचे पत्र, आधार कार्ड, चष्मा असेल तर चष्मा. वह्या न्याल तर खाडाखोड असलेल्या न्या, नव्याने उतरवून स्वच्छ केलेल्या नकोत. चूक कशी होते तेच तिथे बघायचे असते. मूल उशिरा बोलायला लागले का, घरात आणखी कोणाला, अब्बांना, चाचूंना, लहानपणी वाचायला त्रास होत होता का, हे आठवून ठेवा, विचारले जाते. अशा अडचणी बऱ्याचदा घराण्यात चालत आलेल्या असतात. मुलाला डॉक्टरकडे सुई द्यायला नेत आहोत असे वाटू देऊ नका. तुला शिकायला सोपे कसे जाईल ते बघायला चाललो आहोत, असे खरे ते सांगा. तारीख रमजानमध्ये आली आणि मूल रोजे ठेवत असेल तर ईदनंतरची मागून घ्या. दोन तास बसून डोके चालवायचे असते. सकाळची वेळ मिळाली तर उत्तम, आणि निघण्याआधी पोटभर नाश्ता द्या, कारण नाशिकच्या रस्त्यावर गाडी थांबवून वडापाव खाल्लेले मूल चाचणीत झोपाळते, हे आम्ही पाहिले आहे.